एकतीस जणांचं मंडळ, एकतीस पदाधिकारी

नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली, पण चार माणसं जमली आणि चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "जोगळेकर बाई, ते तुमच्या शारजाच्या कॉलेजचं सांगा ना!" मी काही हे किस्से मुद्दाम गोळा केले नव्हते हो. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठत गेले. फेकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर त्यात अडकून दुसरा येतो!

तर आमचं कॉलेज शारजा संपून अजमान सुरू होतं तिथे होतं. तीन मजली इमारत, मागे टाइल्सचं गोदाम, समोर कॅफेटेरिया. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी 'स्टुडंट अफेअर्स'मध्ये. म्हणजे मुलांच्या तक्रारी ऐकायच्या आणि वर पाठवायच्या. वर म्हणजे आमचे डेप्युटी रजिस्ट्रार भागवत साहेब. कराडचे. त्यांच्या टेबलावर गेलेला कागद पहिल्या फेरीत पास झालाय असं मी आठ वर्षांत पाहिलं नाही.

आणि या सगळ्या किश्शांच्या मधोमध आहे ती नीमा. टांझानियाची, टांगा नावाच्या बंदरगावातली. उंच, काळीभोर, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलली तरी गच्चीवरचा एसीवाला वळून बघेल.

*

पहिल्यांदा ती माझ्याकडे आली तेव्हा मी काय केलं ते आधी सांगून टाकते. माझी पर्स टेबलावर होती. मी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली! तिने पाहिलं. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते. नाशकात कुणी असं माझ्या बाबतीत केलं असतं तर मी त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं.

ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, आम्हाला क्लब हवा आहे. आफ्रिकन मुलांचा."

मी नियम काढला. क्लब देशाचा असतो. एका देशाची किमान पंधरा मुलं लागतात. इंडियन क्लब होता, पाकिस्तानी होता, जॉर्डनचा होता, फिलिपिनो मुलांचासुद्धा होता.

"तुम्ही किती जण?"

"एकतीस."

"अगं मग झालं की!"

"अकरा देशांतले."

तिने यादीच आणली होती. सुदानची सहा, नायजेरियाची पाच, घानाचे तीन, झांबियाची तर एकटीच मुलगी. पंधरा कुणाचेच नाहीत. क्लब नाही म्हणून खोली नाही, नोटीस बोर्डावर जागा नाही, स्टुडंट कौन्सिलमध्ये मत नाही.

मी म्हटलं, "मग आता कसं करायचं?"

तर नीमा म्हणाली, "मॅडम, पहिल्या टर्मला आमची दोन मुलं परत घरी गेली. नापास झाली नव्हती. दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून गेली. तिसरं कुणी जायला नको. मला एवढंच हवं आहे."

मी अर्ज घेतला आणि वर पाठवला. तिला दारापर्यंत सोडायला गेले. आता इतक्या उशिरा काय उपयोग म्हणा!

*

भागवत साहेबांनी तो अर्ज परत पाठवला. कारण देशाचा नियम? छे! तिथपर्यंत ते पोचलेच नाहीत. शाई निळी होती!

दुसऱ्यांदा काळ्या शाईत गेला. स्टेपल उजवीकडे होता. तिसऱ्यांदा फोटोची पार्श्वभूमी पांढरी नव्हती. चौथ्यांदा सही चौकटीबाहेर गेली. पाचव्यांदा तारीख आधी की महिना आधी यावरून परत. प्रत्येक वेळी नीमा मुकाट्याने अर्ज न्यायची आणि दुसऱ्या दिवशी नवीन घेऊन हजर. एकदा तरी चिडावं की नाही माणसाने? मीच चिडले. म्हटलं, "अगं, तुला राग कसा येत नाही?"

"येतो ना. पण मॅडम, मी शिकते आहे."

काय शिकत होती ते पुढच्या महिन्यात कळलं. तळमजल्यावर जिन्याखाली तिने एक टेबल मांडलं. त्यावर स्टेपलर, काळी पेनं, पट्टी, गोंद. आफ्रिकन मुलं पाळीपाळीने तिथे बसायची आणि कुणाचाही फॉर्म वर जाण्याआधी तपासून द्यायची. फुकट! आधी त्यांच्यातलीच मुलं आली. मग आपली केरळची, गुजरातची आली. मग पाकिस्तानी. शेवटी जॉर्डनची मुलं गाडीची किल्ली बोटावर फिरवत रांगेत उभी! "यल्ला हबीबी, चल ना दोस्ता, माझा आधी बघ," आणि नीमा म्हणायची, "इथे हबीबी सगळेच आहेत. मागे उभा राहा."

एका बुधवारी भागवत साहेबांनी मला आत बोलावलं. समोर पन्नासेक फॉर्म. चेहरा उतरलेला.

"बाई, काहीतरी गडबड आहे."

"काय झालं साहेब?"

"आठवडा झाला. चूक सापडत नाहीये!"

*

राहायच्या जागेचा प्रश्न वेगळाच. आमच्या कॉलेजला होस्टेल नव्हतं. मुलं अजमानला फ्लॅट घेऊन राहायची, कारण तिथे स्वस्त. नीमा फोन करायची, पलीकडून "येस येस, फ्लॅट रिकामा आहे, या." मुली तिथे पोचल्या की वॉचमन त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "खलास. गेला." असं चार ठिकाणी झालं. नीमा मला हे हसत हसत सांगत होती, पण तिच्याबरोबरची झांबियाची मुलगी खाली मान घालून बसली होती. माझं डोकं तडकलं.

शुक्रवारी मी चांगली नारायणपेठ नेसले, कपाळाला मोठी टिकली लावली आणि त्याच बिल्डिंगमध्ये गेले. वॉचमन आपलाच, उत्तरेकडचा. "आइए आइए मॅडम! फॅमिली के लिए?"

"हां, फॅमिली के लिए."

त्याने दोन बेडरूमचा फ्लॅट दाखवला, गरम पाणी सोडून दाखवलं, बाल्कनीतून मशीद दाखवली. मी म्हटलं पसंत आहे. कागद झाले. मग मी बाल्कनीतून हात केला आणि कोपऱ्यावर थांबलेल्या नीमासकट पाच मुली बॅगा घेऊन जिना चढून आल्या.

वॉचमन बघतच राहिला. "मॅडम... ये सब आपकी कौन हैं?"

"भांजियाँ."

"सगी?"

"सगी."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मी कोकणस्थ, पिठासारखी पांढरी. तो बिचारा चाचरत म्हणाला, "लेकिन मॅडम, आपसे तो बिलकुल..."

"मिस्टर की तरफ से हैं!"

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे पेपर खाली न करता म्हणाले, "बरोबर आहे. तुझ्याकडची माणसं कधी न सांगता बॅगा घेऊन येतात का?"

*

आमच्याकडे फेब्रुवारीत 'ग्लोबल डे' असायचा. प्रत्येक देशाच्या क्लबला एक टेबल. यांना अर्थातच नाही. आणि डीन साहेबांची एक खास व्यवस्था असायची. ते उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी. पटांगणात उतरायचे नाहीत, पण वरून नकाशा काढून पाठवायचे. त्या नकाशात इंडिया आणि पाकिस्तान यांच्या टेबलांमध्ये एक टेबल रिकामं. सुरक्षेसाठी!

नीमाने नकाशा पाहिला. म्हणाली, "मॅडम, हे मधलं टेबल कुठल्या देशाचं?"

"कुणाचंच नाही."

"मग ते आमचं. आम्हीसुद्धा कुठल्याच एका देशाचे नाही."

मला यात नियम मोडलेला कुठे दिसेना. दिसला असता तरी मी बघितला नसता. सकाळी त्या टेबलावर शेगडी आली, परात आली, आणि केनियाच्या दोन मुली त्यांच्याकडच्या चपात्या लाटायला बसल्या. तेल लावून, गुंडाळी करून, पुन्हा लाटून. वास सुटला. इंडियाच्या टेबलावरची मुलं आली, "अरे, ही तर आपली चपाती!" पाकिस्तानच्या टेबलावरची आली, "चपाती? पराठा है हमारा!" झालं! दोन्ही बाजूंनी जुंपली. एक म्हणतोय माझी आई अशीच करते, दुसरा म्हणतोय माझी आजी. डीन साहेब वर गॅलरीत, हातात रुमाल.

नीमा मध्ये उभी. म्हणाली, "तुम्ही भांडून घ्या. तोवर आम्ही लाटतो. गरम खाणाऱ्याने मात्र रांगेत यायचं."

भांडण रांगेतच चालू राहिलं. दुपारपर्यंत पीठ संपलं, तेव्हा इंडियाच्या टेबलावरून एक पिशवी आणि पाकिस्तानच्या टेबलावरून एक पिशवी आटा आला. सांगितलं कुणीच नव्हतं.

त्याच दिवशी एका कंपनीच्या मुली गोरं करणाऱ्या क्रीमच्या छोट्या ट्यूब वाटत फिरत होत्या. एकीने सवयीने नीमाच्या हातातही ठेवली आणि मग बिचारी गोंधळली. नीमाने ट्यूब वाचली.

"किती दिवसांत गोरं होतं?"

"सहा... सहा आठवडे, मॅडम."

"नको ग बाई. मग मला व्हिसाचा फोटो बदलावा लागेल. आमच्या रजिस्ट्रारसाहेबांना तीन प्रती लागतात!"

*

पण सगळं काही हसण्यावारी चाललं होतं असं नाही. त्याच सुमारास घानाचा क्वामे नावाचा मुलगा वर्गात दिसेनासा झाला. सव्वासहा फूट उंची, पण बोलणं पुटपुटल्यासारखं. टॅक्सीवाले त्याला बघून पुढे निघून जायचे, म्हणून तो उन्हात चालत यायचा. नीमा त्याच्या खोलीवर गेली तर पलंगावर बॅग भरलेली. शनिवारचं तिकीट.

नीमाने त्याला थांब म्हटलं नाही, समजूत घातली नाही. तिने त्याला पद दिलं! 'उपाध्यक्ष, विमानतळ'. नव्या मुलांना घ्यायला विमानतळावर जायचं, त्यांना पहिल्या दिवशी जेवायला घालायचं, बस दाखवायची. "बुधवारी मलावीचा मुलगा येतोय. तुझ्याइतका उंच माणूस गर्दीत लांबून दिसतो. दुसरं कोण जाणार?"

तोपर्यंत त्या न झालेल्या क्लबमध्ये सगळ्यांनाच पदं होती. एकतीस मुलं, एकतीस पदाधिकारी. सचिव, आजारपण. सचिव, वाढदिवस. सहसचिव, परीक्षेची भीती! नवा अर्ज वर गेला तेव्हा भागवत साहेबांनी यादी वाचली आणि तिला आत बोलावलं. मीही होते.

"हे काय आहे? सगळेच पदाधिकारी? मग सभासद कोण?"

नीमा म्हणाली, "सर, सभासद मनात आलं की घरी निघून जातो. पदाधिकाऱ्याला परवानगी मागावी लागते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. अर्ज मात्र परतच केला. 'विमानतळ' हे पद म्हणून चालत नाही म्हणे!

आणि क्वामेने खरंच परवानगी मागितली. नीमा म्हणाली, "कॉलेज सोडायचा फॉर्म भर, वर पास करून आण, मी सही करते." फक्त हा फॉर्म जिन्याखाली तपासून द्यायला कुणीच तयार होईना. तसाच वर गेला. भागवत साहेबांनी परत पाठवला. फोटोत डावा कान दिसत नव्हता.

क्वामे नवा फोटो काढायला निघाला तो बुधवार होता. आधी विमानतळावर गेला. मलावीच्या मुलाला घेतलं, जेवायला घातलं. गुरुवारी त्याला बस दाखवली. शनिवारी तो मुलगा तापाने फणफणला, त्याला दवाखान्यात नेलं. विमान गेलं. रविवारी मला जिन्यात भेटला तेव्हा विचारलं, "अरे, फोटो काढलास का?"

"मॅडम, वेळ कुठे आहे!"

*

शेवटी डीन साहेबांनी निकाल लावायचं ठरवलं. अर्ज इतक्या वेळा वरखाली झाला होता की फाइल बंद होईना. त्यांनी लिहिलं की भागवतांनी या मुलांची एक मीटिंग प्रत्यक्ष बघावी आणि अहवाल द्यावा. शिस्तशीर काम दिसलं तर देशाचा नियम बाजूला ठेवून क्लब मान्य. नाहीतर विषय कायमचा बंद आणि जिन्याखालचं टेबलही उचलायचं. मीटिंगला दुसऱ्या मजल्यावरची खोली, दोन ते तीन, फक्त एक तास.

नीमाला मी पहिल्यांदाच घाबरलेली बघितलं. ती जाणार होती त्या उन्हाळ्यात, शेवटचं वर्ष. म्हणाली, "मॅडम, मी गेल्यावर यांना निदान बसायला खोली तरी हवी." मी तिला विषयपत्रिका टाइप करून दिली. सात विषय. म्हटलं, "पटापट घे. साहेबांना घड्याळाचं वेड आहे."

दोनला सगळे गोल करून बसले. भागवत साहेब वही, पट्टी, दोन पेनं घेऊन मधेच एका खुर्चीवर. त्यांच्या डाव्या हाताला क्वामे. मी दाराजवळ.

आता यांच्या मीटिंगची सुरुवात मी कधी पाहिली नव्हती. विषयपत्रिका राहिली बाजूला! आधी प्रत्येकाने शेजारच्याचा हात हातात घ्यायचा आणि विचारायचं. कसा आहेस? घरी कसे आहेत? आई? वडील? भावंडं? झोप लागली का? आणि नुसतं 'बरं आहे' म्हटलेलं चालत नाही. खरं उत्तर येईपर्यंत हात सोडायचा नाही, आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं. माझी पाळी आली तेव्हा झांबियाच्या मुलीने सासूबाईंचं विचारलं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत." तर ती म्हणते, "बऱ्या म्हणजे कशा?" आता काय सांगू कप्पाळ!

सव्वादोन. अडीच. अजून पहिला विषयही नाही. मी नीमाला डोळ्यांनी खुणावतेय, आवर, आवर. तिने मान हलवली. हे आवरायचं नाही. मला वाटलं, हातातोंडाशी आलेला घास ही मुलगी स्वतःच्या हाताने घालवणार.

दोन पस्तीसला क्वामे साहेबांकडे वळला. त्यांचा हात हातात घेतला. पेनासकट!

"सर, घरी सगळे कसे आहेत?"

"फाइन."

क्वामेने हात सोडला नाही.

"ऑल फाइन, फाइन. प्रोसीड."

क्वामे थांबलेलाच. "मुलं, सर?"

"एक मुलगी आहे," साहेब म्हणाले. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली, मला हे ठाऊक नव्हतं! ते अजमानला तिघांबरोबर एका खोलीत राहतात, एवढंच ऐकून होते. मुलगी दहावीला होती, कराडला, आईजवळ. साहेब इंग्रजीत सांगायला लागले. फोन केला की ती 'अभ्यास करतेय' म्हणून येतच नाही. मग इंग्रजी पुरेना, हिंदीवर आले. दोन वर्षांतून एकदा जातो, तर पहिले आठ दिवस ती मला 'अहो' म्हणते. आणि मग कधी ते सरळ मराठीत आले, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. "तिची चप्पल आणायची होती रे. सगळ्या बाजारात फिरलो. पण तिचा पाय केवढा झालाय, मला माहीतच नाही."

क्वामेला एक अक्षर कळत नव्हतं. तो हात धरून मान हलवत होता. मला सगळं कळत होतं, आणि मी पदराने डोळे पुसत होते.

तीन वाजले. पुढच्या वर्गाची मुलं दार वाजवायला लागली. साहेब दचकले, हात सोडवून घेतला, वही मिटली आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. वहीत एक अक्षर नव्हतं. सातपैकी एकही विषय झाला नव्हता. नीमा खुर्च्या सरळ करत म्हणाली, "खलास, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल माझ्या टेबलावर आला. काळ्या शाईत, साहेबांच्या सुवाच्य अक्षरात. मी उभ्यानेच वाचला.

'चर्चेला आलेले विषय: नाहीत. मंजूर झालेले ठराव: नाहीत. इतिवृत्त: लिहिले गेले नाही.'

मी कागद मिटणारच होते. मग खाली शिफारशीची चौकट होती.

'एक तास अपुरा आहे. चार जणांच्या घरचे विचारायचे राहून गेले. दर आठवड्याला दोन तास देण्यात यावेत.'